घरांतील इलेक्ट्रॉनिक संगीत : काय घ्यावें आणि काय घेऊं नये

ज्या घरांत पूर्वीं कोनाड्यांत पेटी, गवसणींत घातलेला तंबोरा आणि गणेशोत्सवापुरता शेजारून मागून आणलेला तबला एवढाच संगीताचा संसार असे, त्याच घरांतील एखादे चिरंजीव किंवा कन्यका हल्लीं जेवतां जेवतां सहज बोलून जाते, "मला इलेक्ट्रॉनिक संगीत करावयाचें आहे." यावर वडील मंडळींच्या मनांत दोन प्रश्न उभे राहतात. हें संगीत म्हणजे नेमकें काय, हा एक. आणि यास खर्च किती, हा दुसरा. तोंडानें मात्र दुसराच आधीं विचारला जातो, आणि त्यांत कांहीं गैर आहे असें आम्हांस वाटत नाहीं. एकत्र कुटुंबांत पैसा एकट्याचा नसतो. एकाच्या यंत्रासाठीं काढलेली रक्कम ही दुसऱ्याच्या शिकवणीची, किंवा आजोबांच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेची असूं शकते.

म्हणून या लेखांत आम्ही दोन्ही प्रश्नांचा विचार करणार आहों. परंतु एक गोष्ट आरंभींच सांगून ठेवतों. हा छंद ज्या घरांत बुडतो तेथें संगीत अवघड पडलें म्हणून तो क्वचितच बुडतो. खरेदी सोपी पडली म्हणून बुडतो. आपल्या चालींत जी उणीव आहे ती अमुक एक यंत्र घेतल्यानें भरून निघेल, असें तरुणास वाटतें. तें आलें कीं उणीव दुसऱ्या यंत्राची वाटूं लागते. आणि सहा महिन्यांनीं कपाटावर रिकाम्या खोक्यांची उतरंड रचलेली असते, पण आरंभापासून शेवटापर्यंत पुरी झालेली चाल एकही नसते. घरच्यांचा विश्वास उडतो, मुलाचा स्वतःवरचाही उडतो. हें टळावें एवढ्यासाठींच हा प्रपंच.

इलेक्ट्रॉनिक संगीत हें कालपरवाचें खूळ आहे अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनीं थोडें मागें वळून पाहावें. हाताचा स्पर्शही न होतां वाजणारें थेरेमिन हें वाद्य लेव्ह थेरेमिन या रशियन शास्त्रज्ञानें १९२० च्या सुमारास सिद्ध केलें. रॉबर्ट मोग या अमेरिकन गृहस्थानें १९६४ सालीं आपला सिंथेसायझर लोकांपुढें मांडला. आणि त्यानंतर अवघ्या पांच वर्षांत, म्हणजे १९६९ सालीं, अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन या संस्थेंत डेव्हिड ट्यूडर या संगीतकारानें मोगचें यंत्र उभें केलें. गीता साराभाई, अतुल देसाई प्रभृतींनीं त्यावर प्रयोग केले. १९६९ ते १९७२ या काळांतील तीं ध्वनिमुद्रणें संस्थेच्या संग्रहांत कित्येक दशकें पडून होतीं. त्यांतील निवडक २०२३ सालीं प्रसिद्ध झालीं.

मुंबईची गोष्ट याहून गमतीची आहे. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे चरणजित सिंग यांनीं रोलंड या जपानी कंपनीचीं तीन यंत्रें घेतलीं : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हें तालयंत्र आणि टीबी-३०३ हें खर्जाचें यंत्र. त्यांवर त्यांनीं भैरव, ललित, तोडी इत्यादि दहा राग डिस्कोच्या ठेक्यांत बसविले आणि १९८२ सालीं त्यांची तबकडी निघाली. ती खपली नाहीं. इकडे टीबी-३०३ हें यंत्रही बाजारांत पडलेंच. गिटारवाल्यांस साथीदार म्हणून तें काढलेलें, पण खऱ्या खर्जाच्या गिटारसारखें तें मुळींच वाजत नसे. तेव्हां १९८४ सालीं कंपनीनें तें बंद केलें. जुन्या बाजारांत कवडीमोलानें गेलेलीं हीं यंत्रें शिकागोच्या तरुणांच्या हातीं लागलीं, आणि १९८७ च्या सुमारास त्यांतूनच 'ॲसिड हाउस' हा नवा प्रकार जन्मास आला. चरणजित सिंग यांची तबकडी २०१० सालीं पुन्हां निघाली तेव्हां परदेशचे श्रोते थक्क झाले, कारण तोच लवचीक, पिळवटून निघाल्यासारखा नाद मुंबईंत पांच वर्षें आधीं घुमून गेला होता. आज तेंच टाकाऊ ठरलेलें ३०३ शौकीन लोक भारी किंमत देऊन घेतात, यास काय म्हणावें!

आतां यंत्राच्या पोटांत काय असतें तें पाहूं. सिंथेसायझर समजावून घेण्यास तंबोऱ्याइतका चांगला गुरु दुसरा नाहीं. जवारीचें सूत नेमक्या जागीं बसलें म्हणजे एकाच तारेंतून मूळ स्वराबरोबर वरचे कितीतरी उपस्वर खुलून येतात. सिंथेसायझरांतील ऑसिलेटर हा असाच, उपस्वरांनीं भरलेला कच्चा नाद पुरवितो. पुढचा भाग फिल्टर. तो जवारीच्या उलट काम करतो. वरचे उपस्वर तो हवे तितके कापून टाकतो, म्हणून त्याची कळ फिरवितांच झणझणीत नाद हळूहळू मऊ, बंद ओठांतून गुणगुणल्यासारखा होतो. तिसरा भाग नादाच्या आयुष्याचा. सतारीचा स्वर आघातासरशी उठतो आणि विरतो. सारंगीचा हळूहळू भरतो आणि गज चालेल तोंवर टिकतो. नाद कसा उठावा, किती टिकावा व कसा विरावा हें ठरविणाऱ्या या भागास एन्व्हेलप म्हणतात. चौथा भाग स्वरास किंवा फिल्टरास मंद गतीनें हेलकावे देतो. आपल्याकडील आंदोलनाची त्यावरून आठवण यावी. एवढें एका यंत्रावर नीट कळलें म्हणजे निम्मीअधिक यंत्रें आपोआप कळतात. यामाहाच्या १९८३ सालच्या डीएक्स-७ सारखीं कांहीं यंत्रें निराळ्या तत्त्वावर चालतात, आणि त्यांचा नाद घंटेसारखा लखलखीत असतो. पण नवशिक्यानें त्यांच्या वाटेस आरंभीं जाऊं नये.

काय घ्यावें, या प्रश्नास आमचें पहिलें उत्तर असें कीं, प्रथम कांहींच घेऊं नये. घरांत आठ जीबी स्मृतीचा बऱ्यापैकीं संगणक असेल तर तेवढ्यावर पुष्कळ काम होतें. ॲपलचा संगणक किंवा फोन असल्यास गॅरेजबँड फुकट मिळतें, आणि नवशिक्याचें पहिलें वर्ष त्यावर सुखानें जाईल. विंडोज किंवा लिनक्स असल्यास एलएमएमएस हें पूर्णपणें मोफत आहे. रीपर हें या सर्व संगणकांवर चालतें. तें ६० दिवस वापरून पाहतां येतें आणि घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरांस मिळतो. हें सॉफ्टवेअर दिसण्यास रुक्ष आहे हें खरें, पण ज्या घरांत मुख्यतः गळा किंवा सतार, बांसरी ध्वनिमुद्रित करावयाची आहे, तेथें आम्ही तेंच सुचवूं. ऑडॅसिटीचें नांव पुष्कळांनीं ऐकलेलें असतें. आवाज टिपून घेण्यास व कापण्या-जोडण्यास तें उत्तम. सिंथेसायझरांवर चाल रचण्यास मात्र तें योग्य साधन नव्हे.

ज्या दोन नांवांवरून तरुणांत वाद होतात तीं म्हणजे एबलटन लाइव्ह आणि एफएल स्टुडिओ. पहिल्यांत स्वरखंडांचे चौकोन मांडून ते हवे तेव्हां सुरू-बंद करतां येतात, म्हणून ज्यास वाजवितां वाजवितां सुचतें त्यास तें रुचतें. दुसऱ्यांत ठेक्याच्या घरांत खुणा करीत जाण्याची सोय आहे, म्हणून ज्यास आधीं ताल सुचतो त्यास तें बरें वाटतें. शिवाय एकदां घेतल्यावर त्याच्या पुढील आवृत्त्या जन्मभर मोफत मिळतात. त्याची नमुन्याची प्रत कितीही दिवस चालते, परंतु तींत जतन केलेलें काम विकत घेईपर्यंत पुन्हां उघडतां येत नाहीं, हें ध्यानांत असूं द्यावें. लाइव्हच्या सर्वांत मोठ्या आवृत्तीस सातशें डॉलरांहून अधिक पडतात. हौशी मनुष्यानें ती आरंभींच घेणें म्हणजे पोहणें शिकण्यापूर्वीं तलाव खणण्यासारखें आहे. आणि पुष्कळ कीबोर्डांबरोबर तिची लहान आवृत्ति अशीच मिळत असते.

नादासाठींही पैसे मोजण्याची घाई नको. सर्ज एक्सटी हा सिंथेसायझर पूर्ण मोफत आहे. व्हायटलची मूळ आवृत्ति मोफत आहे. डीएक्स-७ चा नाद हवाच असेल तर डेक्स्ड आहे. इतकें सर्व राजरोस मिळत असतां चोरीचें सॉफ्टवेअर घरांत आणण्याचें कारण उरत नाहीं. कायद्याची गोष्ट बाजूस ठेवली, तरी ज्या संगणकावर वडिलांचे बँकेचे व्यवहार चालतात त्यावर कोणा अनोळखी इसमानें कुलूप तोडून ठेवलेली प्रत चढविणें हा निव्वळ अविचार होय.

तीन महिने एकाच सॉफ्टवेअरवर काम करून, दोन-तीन चाली पुऱ्या करून घरांत ऐकवाव्या, आणि मगच खरेदीची भाषा बोलावी, असा नियम घरांत ठरविल्यास बरें. मुलांस तो जाचक वाटेल, वाटो.

पहिली खरेदी बहुधा मिडी कीबोर्डाची होते. येथें वडील मंडळींची हटकून फसगत होते, कारण या कीबोर्डास स्वतःचा आवाज नसतो. कोणती पट्टी, किती जोरानें दाबली आणि केव्हां सोडली एवढी बातमी तो संगणकास कळवितो. वाजतो तो संगणक. ही बातमी पोंचविण्याची मिडी नांवाची भाषा १९८३ सालीं प्रचारांत आली. डेव्ह स्मिथ या अमेरिकन व इकुतारो काकेहाशी या जपानी गृहस्थांच्या पुढाकारानें परस्परांच्या प्रतिस्पर्धी कंपन्यांनीं ती एकमतानें स्वीकारली, आणि चाळीस वर्षांपूर्वींचें यंत्र आजच्या संगणकाशीं तींतूनच बोलतें. २५ पट्ट्यांचा कीबोर्ड स्वस्त व सुटसुटीत खरा, परंतु ज्याचा हात साडेतीन सप्तकांच्या पेटीवर बसलेला आहे त्याची त्यावर घुसमट होते; त्यानें ४९ पट्ट्यांचा घ्यावा. पेटी वाजविणारास येथें एक मोठा लाभ आहे. भात्यावरचा डावा हात मोकळा होतो, आणि स्वर वांकविण्याचें चाक बहुतेक कीबोर्डांवर नेमकें डाव्याच बाजूस असतें.

दुसरी खरेदी हेडफोनची, आणि आमच्या मतें तीच खरी पहिली असावयास पाहिजे. ज्या घरांत एकजण परीक्षेस बसला आहे, एकीची पूजा चालली आहे आणि एकाची दुपारची झोंप, तेथें कान झांकणारे, तारेचे हेडफोन हीच शांततेची हमी. सोनीचे एमडीआर-७५०६ हे १९९१ सालापासून ध्वनिमुद्रणगृहांत वापरले जात आहेत. त्या जातीचे कोणतेही चालतील. बिनतारी हेडफोन मात्र नकोत, कारण पट्टी दाबल्यावर त्यांतून नाद कानीं येण्यास इतका विलंब लागतो कीं लय सांभाळणें अशक्य होतें. मोठे स्पीकर पुढें घ्यावे. ५० हर्ट्झच्या खर्जाची लहर सुमारें ७ मीटर लांब असते. लहान खोलींत ती एका कोपऱ्यांत दुप्पट आणि दुसऱ्यांत नाहींशी होते, व खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडास मात्र अखंड पोंचते.

विलंबाचा उल्लेख आला आहे तर तोही हिशेब सांगून टाकूं. संगणक आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतो आणि ते गठ्ठ्यागठ्ठ्यानें पुढें पाठवितो. गठ्ठा २५६ नमुन्यांचा असल्यास सुमारें ५.८ सहस्रांश सेकंद जातात. तेवढ्या वेळांत आवाज हवेंतून सुमारें २ मीटर जातो, म्हणजे तबलजी दोन मीटरांवर बसल्यासारखें झालें. यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु गठ्ठा २०४८ चा असल्यास तोच तबलजी सोळा मीटरांवर, अंगणापलीकडे जाऊन बसतो. तेव्हां "वाजतें पण मागें पडतें" अशी तक्रार आली कीं नवें यंत्र घेण्यापूर्वीं सॉफ्टवेअरमध्यें गठ्ठ्याचा आंकडा कमी करून पाहावा. गळा टिपावयाचा असेल तर मात्र माइक जोडण्यासाठीं ऑडिओ इंटरफेस ही पेटी लागतेच. घरांत गाणारें एकच असल्यास एका माइकची सोय असलेली पुरते.

छोट्या सुट्या यंत्रांचा मोह आम्ही अगदींच निषिद्ध मानीत नाहीं. कोर्गचीं २०१३ पासून निघालेलीं व्होल्का यंत्रें मांडीवर घेऊन, संगणकाविना वाजवितां येतात, आणि दिवसभर पडद्यापुढें बसणाऱ्या मनुष्यास हा मोठाच दिलासा होय. जुनें घेत असल्यास प्रत्येक कळ फिरवून पाहावी. खरखरली तर किंमत उतरवावी. अमेरिकेंतून येणाऱ्या आप्ताकरवीं मागविलें असल्यास ॲडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असें लिहिलें आहे कीं नाहीं हें वाचल्याखेरीज तें भिंतीस लावूं नये. दुसऱ्या यंत्राचा ॲडॉप्टरही सरसकट जोडूं नये. कांहींत मध्यभागीं धन तर कांहींत ऋण अग्र असतें, आणि चूक झाली कीं यंत्र धुरासह निकालांत निघतें.

आतां ज्या मुद्द्यासाठीं आमच्या वाचकांपैकीं गाणाऱ्या मंडळींनीं कान टवकारले असतील त्याकडे वळतों. हीं सर्व साधनें पाश्चात्त्य बारा समान स्वरांवर बेतलेलीं आहेत. मग आपल्या संगीतानें तेथें काय करावें? हा वाद नवा नाहीं. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं बावीस श्रुतींवर आपला ग्रंथ लिहिला तो १९१० सालीं, आणि श्रुतींची पेटी घडविण्याची खटपटही त्याच सुमाराची. पुढें १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें पेटीवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत राहिली. आक्षेप दोन होते : पेटीस मींड नाहीं, आणि तिचा गंधार तंबोऱ्याच्या गंधाराशीं जुळत नाहीं. दुसरा आक्षेप मोजून दाखवितां येतो. समान भागांच्या सप्तकांत शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो. तंबोऱ्याच्या खर्जांतून आपोआप उमटणारा गंधार ३८६ सेंटवर. चौदा सेंटांचें हें अंतर तयार कानास खटकतें.

गंमत अशी कीं ज्या दोन गोष्टींपुढें पेटी हतबल होती, त्या या यंत्रांस अवघड नाहींत. सर्ज एक्सटीसारख्या सिंथेसायझरांत स्वरांचीं स्थानें लिहिलेली छोटी फाइल घालतां येते, आणि गंधार ३८६ वर आणून ठेवतां येतो. मींडेसाठीं एका वेळीं एकच स्वर वाजेल अशी योजना करून पोर्टामेंटो सुरू करावें, म्हणजे स्वर एका पट्टीवरून दुसरीवर घसरत जातो. चाकाची मर्यादा सामान्यतः दोन अर्धस्वरांची असते. ती बारांपर्यंत वाढवितां येते, पण तशा चाकावर नेमक्या स्वरावर थांबणें हा रियाझाचाच भाग. यामुळें यंत्रावर दरबारीचा गंधार लागेल असें कोणी समजूं नये. तो गळ्यांतून जेथून निघतो ती जागा चाकावर नाहीं. मात्र तंबोऱ्याचा स्वर संगणकावर लावून त्याविरुद्ध दोन्ही गंधार आळीपाळीनें वाजवून पाहणें हा स्वरज्ञानाचा असा धडा आहे कीं, तो आमच्या पिढीस मिळाला असता तर आम्हीं पुष्कळ वाद घातलेच नसते. गळ्याची पट्टी काळी एक असो वा पांढरी चार, ट्रान्सपोजच्या आंकड्यानें ती क्षणांत लागते.

तालाची अडचण त्याहून लहान. सॉफ्टवेअर उघडतांच चार मात्रांचा विभाग पुढें येतो, म्हणून त्रितालाचें आवर्तन चार विभागांत सुखानें बसतें. रूपकासाठीं सातांचा, झपतालासाठीं दहांचा विभाग आपण होऊन ठरवावा लागतो, आणि हें ठाऊक नसल्यामुळेंच पुष्कळ मुलें जन्मभर चारांतच रचना करीत राहतात. विलंबित ख्याल मात्र या चौकटींत कोंबूं नये. तेथें मोजणी बंद करून नुसतें टिपून घ्यावें.

टिपून घेण्याचाच विषय निघाला म्हणून शेवटीं एक विनंति. ज्या माइकसाठीं मुलानें हट्ट धरला आहे, तो घरांत आल्यावर पहिल्यानें आजीपुढें ठेवावा. जात्यावरच्या ओव्या, मंगळागौरीचीं गाणीं, पाळणे आणि भूपाळ्या यांच्या ज्या चाली तिला येतात त्यांतील पुष्कळशा कोणत्याच पुस्तकांत नाहींत, कारण पुस्तकांत शब्द छापले जातात, चाल नाहीं. आणि तिच्यामागून त्या म्हणणारें घरांत कोणी असतेंच असें नाहीं. पुढें त्याच चालीखालीं चिरंजीवांनीं सिंथेसायझरचा खर्ज भरावा किंवा ठेका बसवावा, त्यास आमची हरकत नाहीं. मूळ टिपण तेवढें हात न लावतां निराळें ठेवावें. दुपारची, रहदारी थोडी असेल अशी वेळ घ्यावी. पंखा व फ्रीज घटकाभर बंद ठेवावा. खोलींत गाद्या व गोधड्या असूं द्याव्या, म्हणजे आवाज भिंतींवरून उसळत नाहीं. माइक तोंडापासून वीतभर दूर आणि किंचित् बाजूस धरावा. नोंद २४ बिटांची, न दाबलेल्या वेव्ह स्वरूपांतच करावी. आजी मध्येंच थांबून कोणत्या गांवीं, कोणाकडून ती चाल शिकली तें सांगूं लागेल. तेव्हां यंत्र बंद करूं नये. फाइलीस तिचें नांव, गांव व तारीख द्यावी, आणि तिच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या घरीं ठेवाव्या. एक लेकीकडे असल्यास उत्तम.